एका गुडघ्याचे पाच भाव

माझ्या वहीत एका पानावर पाच आकडे लिहिलेले आहेत. ४,१२०, १,८७४, १,२३६, ६१० आणि ४२५. सगळे डॉलर, आणि सगळे एकाच गोष्टीचे: नवऱ्याच्या डाव्या गुडघ्याचा एमआरआय, काँट्रास्टशिवाय, म्हणजे चित्र ठळक यावं म्हणून देतात ते औषध न देता. पहिले तीन भाव एकाच हॉस्पिटलचे. उरलेले दोन तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर असलेल्या एका इमेजिंग सेंटरचे.

४,१२० हा हॉस्पिटलचा छापील दर. तो जवळजवळ कोणीच भरत नाही. १,८७४ हा आमच्या इन्शुरन्स कंपनीने त्या हॉस्पिटलशी ठरवलेला दर. आणि १,२३६ हा तिथलाच रोखीचा दर, म्हणजे इन्शुरन्स कार्ड न दाखवणाऱ्या माणसाचा. पगारातून दर पंधरवड्याला हप्ता कापून घेणाऱ्या इन्शुरन्सचं कार्ड पुढे केलं, तर त्याच टेबलावर झोपायला ६३८ डॉलर जास्त. सेंटरचंही तसंच: इन्शुरन्समधून ६१०, रोख ४२५.

मी न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते आणि दोन-तीन छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिते. बिल आलं की ते ओळीओळीने वाचायची हाताला सवय आहे. तरी इथल्या मेडिकल बिलांपुढे कितीतरी वर्षं मी गप्प बसायचे, कारण घरात, मंडळात, ओक ट्री रोडवर किराणा घेताना भेटणाऱ्या ओळखीच्यांत, सगळीकडे एकच वाक्य ऐकलेलं: इन्शुरन्स आहे ना, मग कशाला विचारायचं? सोनाराकडे मजुरी किती, घट किती हे खोदून खोदून विचारणारी आपली माणसं हॉस्पिटलच्या खिडकीपाशी भाव विचारायला लाजतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हाय डिडक्टिबल प्लॅन असला की तो भाव आपल्याच खिशातून जाणार असतो.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगते की डिडक्टिबल म्हणजे वर्षाला जी रक्कम आधी आपण भरायची आणि मगच कंपनी पैसे द्यायला सुरुवात करते, ती. आमची कुटुंबाची ४,००० डॉलर आहे. त्यानंतरच्या खर्चातले २० टक्के आमचे, ८० टक्के कंपनीचे, तेही वर्षभरात आमच्या खिशातून जाणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा गाठेपर्यंत; त्यापुढचं सगळं कंपनीचं. एक जानेवारीला सगळं पुन्हा शून्यावर येतं.

नवऱ्याचा गुडघा फेब्रुवारीत बॅडमिंटन खेळताना पिळवटला. सूज उतरली, पण जिना उतरताना आत काहीतरी अडकायचं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासलं, मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटला असावा म्हणाले आणि एमआरआय लिहून दिला. निघताना काउंटरवरच्या बाईंनी हॉस्पिटलची वेळही लावून टाकली. त्यांच्या सिस्टिममध्ये तीच जागा आपोआप येते, कारण डॉक्टरांचा ग्रुप त्याच हॉस्पिटलच्या मालकीचा. कुठे करायचा हे आम्हाला कोणी विचारलं नाही. पण ऑर्डरचा कागद हातात होता आणि त्यावर कोड होता: सीपीटी ७३७२१. सीपीटी म्हणजे इथे प्रत्येक तपासणीला आणि उपचाराला दिलेला ठरावीक क्रमांक. पायाच्या सांध्याचा एमआरआय, काँट्रास्टशिवाय. हा पाच अंकी कोड हाताशी नसेल तर फोनवर भाव कळत नाही. ‘गुडघ्याचा एमआरआय कितीला?’ असं विचारलं की पलीकडून ‘ते अनेक गोष्टींवर अवलंबून असतं’ एवढंच येतं. कोड सांगितला की कीबोर्डचा आवाज यायला लागतो.

हॉस्पिटलच्या एस्टिमेट विभागातल्या मुलीने आधी मेंबर आयडी मागितला. दिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, तुमचं डिडक्टिबल बाकी आहे, त्यामुळे १,८७४ तुमच्याकडे. मग मी रोखीचा दर विचारला. ती म्हणाली, तुम्हाला इन्शुरन्स आहे, मला तो दर तुम्हाला सांगता येणार नाही. मी शांतपणे म्हटलं, तो तुमच्या वेबसाइटवरच्या फाइलमध्ये छापलेला असायला हवा, मी फक्त खात्री करून घेतेय. तिने मला होल्डवर ठेवलं. संगीत वाजत राहिलं. परत आली ती सुपरवायझरचं नाव सांगून, आणि त्या सुपरवायझर बाईंनी सरळ आकडा दिला: १,२३६, आधी भरल्यास. वर हेही सांगितलं की यात रेडिओलॉजिस्टची वाचनाची फी नाही, त्यांचं बिल वेगळं येईल, साधारण १४० च्या आसपास.

हे शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. हॉस्पिटलमधल्या स्कॅनची दोन बिलं असतात. एक जागेचं, यंत्राचं, तंत्रज्ञाचं. दुसरं चित्रं वाचून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांचं. बाहेरच्या सेंटरमध्ये बहुधा दोन्ही मिळून एकच दर सांगतात. त्यामुळे दोन ठिकाणचे भाव शेजारी शेजारी मांडायचे तर ‘वाचनाची फी यात आहे का?’ हे विचारलंच पाहिजे, नाहीतर तुलना खोटी ठरते. सेंटरमध्ये मी हेच आधी विचारलं. ४२५ मध्ये सगळं होतं, रिपोर्ट आणि सीडीसकट.

फाइलचं म्हणाल तर ती खरोखर असते. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांना आपले दर वेबसाइटवर टाकावे लागतात: छापील दर, रोखीचा सवलतीचा दर आणि प्रत्येक इन्शुरन्स कंपनीशी ठरलेला दर. शिवाय ज्यांची वेळ आधी ठरवता येते अशा किमान ३०० सेवांचे दर सामान्य माणसाला कळतील अशा स्वरूपात द्यायचे. त्यातल्या ७० सेवा सरकारनेच ठरवून दिल्या आहेत आणि आमचा ७३७२१ त्यांत आहे. हॉस्पिटलांच्या संघटनेने याविरुद्ध कोर्टात दाद मागितली होती, पण ती हरली. सुरुवातीला दंड दिवसाला ३०० डॉलर होता, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलसाठी काहीच नाही. २०२२ पासून तो खाटांच्या संख्येवर आला, दिवसाला ५,५०० पर्यंत, आणि त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या दोन हॉस्पिटलांना पहिला दंड झाला. जुलै २०२४ पासून फाइलचा साचाही सरकारने ठरवून दिलाय. त्याआधी एकेका हॉस्पिटलची एकेक तऱ्हा होती.

आमच्या हॉस्पिटलची फाइल मी उतरवून घेतली तेव्हा लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागला आणि एक्सेल अडकून बसलं. लाखो ओळी. शेवटी कोडवर फिल्टर लावला. ७३७२१ च्या ओळी उघडल्या आणि आडव्या रांगेत कंपन्यांची नावं, त्यांच्या प्लॅनची नावं, प्रत्येकापुढे वेगळा आकडा. एका कंपनीचे तीन प्लॅन, तिघांचे तीन दर. आमच्या प्लॅनपुढे १,८७४ होते. त्याच हॉस्पिटलमध्ये, त्याच यंत्रावर, दुसऱ्या एका कंपनीच्या माणसाला हजाराच्या आत, आणि आणखी एकाला अडीच हजाराच्या वर. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला एका वस्तूचे इतके भाव दिसले की तो आधी चूक शोधतो. इथे चूक नव्हती.

मग असं का होतं? कंपनी आणि हॉस्पिटल वाटाघाटीला बसतात तेव्हा एका गुडघ्याचा भाव ठरत नाही, हजारो सेवांचा सौदा एकत्र होतो. कुठे छापील दराच्या अमुक टक्के असं ठरतं, कुठे ठोक रक्कम. बाळंतपणात हॉस्पिटलने दोन पावलं मागे घेतली तर एमआरआयमध्ये ती वसूल होतात. एखाद्या भागात एकच मोठा हॉस्पिटल ग्रुप असेल तर कंपनीला त्याला सोडून चालत नाही, त्यामुळे दर चढे राहतात. त्यात हॉस्पिटल चोवीस तास इमर्जन्सी चालवतं, त्याचा भार प्रत्येक सेवेवर पडतो. सेंटरला तो नसतो. रोखीत मात्र हॉस्पिटलचं क्लेम भरणं, नकार आला की पुन्हा पाठवणं, महिनोन्‌महिने वाट बघणं हे सगळं वाचतं आणि पैसे आधी हातात येतात. म्हणून रोखीचा दर खाली येऊ शकतो. प्रत्येक वेळी येतोच असं नाही, कित्येकदा रोखीचा दर इन्शुरन्सच्या वर असतो. विचारल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

स्वस्त सेंटर म्हणजे यंत्र जुनाट, अशी भीती नवऱ्याला होती. मी सेंटरला विचारलं: यंत्र किती टेस्लाचं, म्हणजे त्याच्या चुंबकाची ताकद किती, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची मान्यता आहे का. दीड टेस्ला, मान्यता आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना पोर्टलवर निरोप टाकला, त्यांनी लिहिलं की मेनिस्कससाठी तेवढं पुरेसं आहे, ऑर्डर तिकडे पाठवतो. हॉस्पिटलची वेळ रद्द केली, त्याचं कोणी काही म्हटलं नाही.

आता खरा प्रश्न उरला: सेंटरमध्ये रोख ४२५ की इन्शुरन्समधून ६१०? ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो, अर्थात ४२५. मी हिशेब मांडला तेव्हा उत्तर उलटं आलं. रोख भरलेले ४२५ साधारणपणे डिडक्टिबलमध्ये धरले जात नाहीत, कंपनीच्या दृष्टीने तो खर्च झालेलाच नसतो. इन्शुरन्समधून भरलेले ६१० मात्र ४,००० मधून वजा होतात. वर्षभरात आमचा खर्च ४,००० च्या खालीच राहिला, तर रोखीत १८५ वाचले. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली तर आम्ही ४,००० पार करणारच. मग आधी भरलेले ६१० तिथे कामी येतात: तेवढाच शस्त्रक्रियेचा खर्च २० टक्क्यांच्या भागात सरकतो आणि ६१० मधले ४८८ परत मिळाल्यासारखे होतात. म्हणजे स्कॅन पडला १२२ ला. रोख भरले असते तर ४२५ ते ४२५च, म्हणजे ३०३ जास्त.

एका पारड्यात १८५, दुसऱ्यात ३०३. शस्त्रक्रियेची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर इन्शुरन्स, खाली असेल तर रोख. मी डॉक्टरांना थेट विचारलं की तुमचा अंदाज काय. ते म्हणाले, अडकण्याची तक्रार आहे, त्यामुळे निम्मी निम्मी शक्यता धरा. आम्ही इन्शुरन्स वापरला. आधी मंजुरी लागते, ती डॉक्टरांच्या ऑफिसने काढली. ती नसती तर क्लेम नाकारला गेला असता. रोखीत ही भानगड नसते, फक्त डॉक्टरांची ऑर्डर लागते. ६१० आम्ही हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमधून, म्हणजे आजारपणाच्या खर्चासाठी करमुक्त पैसे साठवायच्या खात्यातून, भरले. रोखीचे ४२५ सुद्धा त्यातून भरता आले असते, ते अकाउंट इन्शुरन्स वापरला की नाही हे बघत नाही.

हाच हिशेब माझ्या मैत्रिणीसाठी नोव्हेंबरात वेगळा होता. तिला कंबरेचा एमआरआय सांगितला होता, वर्षात दुसरा काही खर्च नव्हता, डिडक्टिबल जवळजवळ पूर्ण बाकी आणि जेमतेम दीड महिन्यात ते पुन्हा नव्याने सुरू होणार. तिने रोख भरले. इन्शुरन्स असताना कार्ड न दाखवणं नियमाविरुद्ध आहे का, असं ती घाबरून विचारत होती. नाही. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा जो हिपा कायदा आहे, त्याच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे सेवेचे पूर्ण पैसे आपण भरले, तर ही माहिती इन्शुरन्स कंपनीला पाठवू नका असं आपण सांगू शकतो आणि त्यांना ते ऐकावं लागतं. हे आधी आणि लेखी सांगायचं, कारण एकदा क्लेम गेला की तो परत घेणं फार किचकट होतं.

आणि आपल्याकडे येणारे आईवडील. याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. सासूबाई गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या होत्या. पोटात उजव्या बाजूला दुखायचं, राहून राहून. डॉक्टरांनी काँट्रास्टसहित पोटाचा सीटी स्कॅन लिहिला, कोड ७४१७७. त्यांच्या प्रवासी विम्यात आधीपासूनच्या आजारांना हात वर केलेले, त्यामुळे तो पैसे देईल याची खात्री नव्हती. अशा वेळी इमर्जन्सी रूममध्ये जाऊन बसलं की त्याच स्कॅनवर इमर्जन्सीची फी आणि तिथल्या डॉक्टरांची फी चढते. दुखणं तातडीचं नाही हे डॉक्टरांकडून पक्कं करून घेतल्यावर मी सेंटरला फोन केला आणि लेखी गुड फेथ एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा आगाऊ अंदाज, मागितलं. जानेवारी २०२२ पासून इन्शुरन्स नसलेल्या किंवा न वापरणाऱ्या माणसाला ते द्यावं लागतं, आपण मागितल्यापासून कामाच्या तीन दिवसांत. बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं, तर १२० दिवसांच्या आत तक्रार करता येते.

एस्टिमेट आलं ५६०, बिल आलं ६४५. जास्तीचे ८५ क्रिएटिनिनच्या रक्ततपासणीचे होते. काँट्रास्ट देण्याआधी किडनी बघतात, सासूबाईंना मधुमेह आहे. तपासणी योग्यच होती, पण ती ठरलेलीच होती तर एस्टिमेटमध्ये यायला हवी होती, हे मी फोन करून सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं. पैसे भरले. मात्र ४०० ची मर्यादा मला पटत नाही. दहा हजारांच्या शस्त्रक्रियेत ती ठीक आहे. ५६० च्या स्कॅनमध्ये ९५९ पर्यंत बिल आलं तरी या कायद्याने दाद मागता येत नाही. टक्केवारीत मर्यादा ठेवली असती तर छोट्या बिलांच्या माणसांनाही आधार झाला असता.

सासूबाई मात्र शांत होत्या. त्यांना एकच कळत नव्हतं की भाव विचारायला इतके फोन का लागतात. साताऱ्यात दिरांनी गेल्याच वर्षी गुडघ्याचा एमआरआय केला तेव्हा काउंटरवर आकडा सांगितला, त्यांनी भरला, संध्याकाळी रिपोर्ट हातात. तिथे प्रश्न वेगळ्या वळणावर येतो. दाखल न होता केलेल्या स्कॅनचे पैसे आपल्याकडचा नेहमीचा मेडिक्लेम देत नाही. पण पुढे त्याच दुखण्यासाठी दाखल व्हावं लागलं, तर बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांतल्या तपासण्यांचा खर्च मागता येतो. दिरांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल फेकून दिलं होतं. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितल्यावर वहिनींनी एक फाइलच उघडली. आता घरातला प्रत्येक कागद त्यात जातो.

नवऱ्याचा रिपोर्ट आला: मेनिस्कस आतल्या बाजूने फाटलाय. डॉक्टरांनी आधी फिजिओथेरपी करून बघू म्हटलं. तिची बिलं इन्शुरन्समधून जातात, म्हणजे तीही डिडक्टिबलमध्ये जमा होताहेत. इन्शुरन्स कंपनीचं पत्रक आलं तेव्हा मी आधी ६१० तिथे नीट दिसतात का ते पाहिलं. दिसतात. व्यायामाने ताकद वाढली, पण अडकणं तसंच आहे, आणि मागच्या आठवड्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचं ठरलं.

कोड मी त्याच दिवशी मागून घेतला, २९८८१. तोही त्या ७० च्या यादीत आहे. या वेळी कार्ड दाखवायचं की नाही हा प्रश्न नाही, ४,००० पार होणारच. ठिकाण मात्र ठरवायचंय: हॉस्पिटल की बाहेरचं सर्जरी सेंटर. डॉक्टर दोन्हीकडे ऑपरेशन करतात. भूलतज्ज्ञ आमच्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमधले आहेत का, त्यांची फी एस्टिमेटमध्ये धरली आहे का, आणि एका दिवसाच्या जागेचे किती, एवढं विचारून ठेवलंय. सेंटरचा आकडा आलाय. हॉस्पिटलवाले बुधवारपर्यंत कळवतो म्हणालेत. नाही कळवलं तर गुरुवारी सकाळी मी फोन लावणार आहे.